पारसिकच्या पलीकडे

पारसिकचा बोगदा १९१६ साली खुला झाला. लांबी सुमारे १.३ किलोमीटर. पुढची शंभरेक वर्षे ठाण्याहून डोंबिवली-कल्याणकडे निघालेल्या फास्ट लोकलने डोंगर ओलांडला तो याच्याच पोटातून. मोबाइलमध्ये रेडिओ आला आणि बोगद्याने आणखी एक काम अंगावर घेतले: तो गाणी गिळू लागला. गाडी आत शिरली की कानातला आवाज आधी फाटायचा, मग नुसती खरखर उरायची, आणि पलीकडचा उजेड दिसला की गाण्याऐवजी एखाद्या गृहसंकुलाची जाहिरात हाती लागायची. मोबाइलमधल्या रेडिओला स्वतःची एरियल नसते. इअरफोनची वायर हीच त्याची एरियल. म्हणून दारात लटकणाऱ्याला जे स्वच्छ ऐकू यायचे ते आत घुसमटलेल्याला तुटक तुटक यायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पट्ट्यातली पाचवी-सहावी मार्गिका पूर्ण झाली, फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या अंगाने धावू लागल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे राहिला. खरखर गेली. पण रेडिओच्या लहरी डोंगर ओलांडतात म्हणजे रेडिओ डोंगर ओलांडतो असे नाही. गेल्या तीस वर्षांत इथल्या एफएमने नावे बदलली, आकडे बदलले, भाषा बदलली, गाण्यांची दशके बदलली. या धंद्यातली माणसे त्याला ‘फॉरमॅट बदलला’ म्हणतात. मला जे म्हणायचे आहे ते इतकेच, की हे सगळे बदल श्रोत्याचे वय आणि श्रोत्याचा खिसा या दोनच गोष्टी बघून झाले. श्रोत्याचे गाव त्यात कधी आलेच नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही त्याची सगळ्यात ठसठशीत उदाहरणे.

एफएमच्या आधीही रेडिओ बदलत होताच. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पन्नासच्या दशकात केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केले तेव्हा लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. मग ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून सरकारला तीच गाणी सन्मानाने परत आणावी लागली. १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही आल्या. तेव्हापासून एक गोष्ट कायम आहे: श्रोता नाराज झाला तर तो पत्र लिहीत नाही, सुई हलवतो. मात्र आकाशवाणीच्या मुंबई ‘ब’ केंद्रावरच्या जुन्या कार्यक्रमांची नावे आठवून पाहा. कामगारांसाठी, वनिता मंडळ, गंमत जंमत. ही नावे गाण्यांची नाहीत, ऐकणाऱ्यांची आहेत. दिवसाचे तुकडे पाडताना ‘आत्ता कोण घरी आहे, कोण पाळीवरून आले आहे’ असा विचार त्यामागे होता. त्यात सरकारी पोक्तपणा होता, उपदेशाचा वास होता, आणि वनिता म्हणजे स्वयंपाकघर हे गृहीतही होते. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण श्रोत्याला एक काम, एक वेळ आणि एक जागा असते, एवढे त्या वेळापत्रकाला माहीत होते.

खासगी माणसांच्या हाती एफएम आले ते १५ ऑगस्ट १९९३ पासून, आणि तेही भाड्याने. आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरचे तास विकायला काढले. मुंबईत टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे यांनी ते घेतले. प्रक्षेपक सरकारचा, आवाज दुसऱ्याचा. जून १९९८ मध्ये सरकारने हे करार पुढे चालू ठेवले नाहीत आणि ते आवाज एका रात्रीत गप्प झाले. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता. वाद होता हीरो कपच्या क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, पण न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात जे मांडले ते क्रिकेटच्या फार पुढे गेले: वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी व्हायला हवा. मला हा निकाल या सगळ्या गोष्टीचा कणा वाटतो. कारण लहरी जर सगळ्यांच्या असतील तर त्या ठाकुर्लीच्याही आहेत. सरकारने मात्र निकालाचा अर्धाच भाग उचलला. मालमत्ता सार्वजनिक आहे ना, मग तिचा लिलाव करू!

लिलावातून आलेली पाच खासगी केंद्रे मुंबईत २००२ साली वाजू लागली: रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफएम, विन ९४.६ आणि गो ९२.५. परवान्याची बोली मुंबईसाठी वर्षाला पावणेदहा कोटी रुपयांच्या घरात गेली होती, आणि ती रक्कम दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होती. कमाई होवो न होवो. विनने पहिल्या टप्प्यातच गाशा गुंडाळला. एवढे ओझे डोक्यावर असेल तर प्रत्येक केंद्र तीच ती चालू हिंदी गाणी वाजवणार, असे नेहमी सांगितले जाते, आणि ते बरेचसे खरे आहे. पण गो ९२.५ची गोष्ट या सरळ हिशेबात बसत नाही, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. हे केंद्र मिड-डेचे. म्हणजे १९९३च्या भाडेकरूंपैकीच एक आता मालक म्हणून परतला होता. त्याने हिंदीच्या गर्दीत न शिरता इंग्रजी गाणी आणि इंग्रजी गप्पा निवडल्या. ओझे तेच, पण उत्तर उलटे. का? कारण जाहिरातदार डोकी मोजतो तशी पाकिटेही मोजतो. दक्षिण मुंबई ते वांद्रे या पट्ट्यातले थोडे कान, पण महागडे कान. बदलापूरच्या लोकलमधले हजार कान विकून जे मिळते ते वातानुकूलित गाडीतले शंभर विकून मिळू शकते, असा तो हिशेब. थोडक्यात, परवान्याचे शुल्क फॉरमॅट ठरवत नाही, ते फक्त घाई करते. ठरवतो तो जाहिरातदार.

२००५च्या जुलैत दुसऱ्या टप्प्याचे धोरण आले आणि ठरावीक वाढत्या शुल्काच्या जागी एकदाच भरायची प्रवेश रक्कम व उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा अशी पद्धत झाली. ओझे हलके झाले. वैविध्य वाढेल अशी अपेक्षा होती, झाले वेगळेच. बिग, फीवर यांसारखी नवी केंद्रे आली आणि गो ९२.५ने इंग्रजी टाकून हिंदी धरली. नाव झाले रेडिओ वन, आणि आकडाही ९२.५चा ९४.३ झाला. आकड्याचा हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण तो समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे एका शहरातल्या दोन एफएम केंद्रांत ०.८ मेगाहर्ट्झ अंतर ठेवतात. मुंबईचे आकडे मांडून पाहा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येक पायरी बरोबर ०.८ची. या जिन्यात ९२.५ला पायरीच नव्हती. रेडिओ वन पुढे पुन्हा इंग्रजीकडे वळले आणि नंतर हिंदुस्थान टाइम्सच्या समूहाकडे गेले. भाड्याचा तास, इंग्रजी, हिंदी, पुन्हा इंग्रजी: एका केंद्राचा हा पंचवीस-तीस वर्षांचा प्रवास. यात कुठेही गावाचा उल्लेख करायची गरज पडली नाही, हे लक्षात घ्या. बदल जेव्हा जेव्हा झाला तेव्हा प्रश्न एकच होता: आता कोणता खिसा?

दुसरा प्रश्न वयाचा. २००७ पासून ‘रॅम’ नावाची श्रोते मोजण्याची पद्धत मुंबईत आली. निवडलेल्या माणसांनी डायरीत लिहायचे, की कितीपासून कितीपर्यंत कोणते स्टेशन ऐकले. डायरीचा एक स्वभाव असतो: माणूस ऐकलेले लिहीत नाही, आठवलेले लिहितो. त्यामुळे आठवणीत राहण्यासाठी तीच गाणी पुन्हा पुन्हा, तेच जिंगल पुन्हा पुन्हा, तेच नाव दर पाच मिनिटांनी. सात केंद्रे एकसारखी वाजू लागली तेव्हा वेगळे दिसण्याला पुन्हा किंमत आली, आणि वेगळेपण शोधले गेले ते दशकांत. बिगवर २०१३ मध्ये अन्नू कपूर ‘सुहाना सफर’ घेऊन आले. तिसऱ्या टप्प्याच्या लिलावानंतर २०१६ मध्ये ९१.९वर रेडिओ नशा आले ते जुन्या गाण्यांचाच झेंडा घेऊन. चाळिशी ओलांडलेला श्रोता म्हणजे घराचे कर्ज, विमा, मधुमेहाची तपासणी. जाहिरातदाराला तो हवाच होता. मला जुन्या गाण्यांबद्दल तक्रार नाही. तक्रार असलीच तर ती अशी, की शहराचा भूतकाळ म्हणून फक्त सिनेमाचा भूतकाळ वाजला. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर १९७८ पासून काय काय झाले आहे. हाही ‘रेट्रो’च की. पण त्याला फॉरमॅट म्हणून कुणी ओळखले नाही.

इथे मराठीचा मुद्दा येतो, आणि तो जरा जपून हाताळायला हवा. मुंबईतल्या एका एफएम केंद्रावर मराठी गाणी लावत नाहीत, कारण त्यामुळे केंद्र ‘डाउनमार्केट’ वाटेल, असे आपल्याला सांगण्यात आले, ही हकिकत संगीतकार कौशल इनामदार यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. त्या डिवचण्यातून सुरेश भटांच्या कवितेवर, साडेचारशेच्या घरातल्या गायकांना घेऊन ‘मराठी अभिमानगीत’ उभे राहिले आणि २७ फेब्रुवारी २०१० रोजी ते प्रकाशित झाले, तेही ठाण्यात. या हकिकतीतला ‘डाउनमार्केट’ हा शब्द सोन्यासारखा आहे, कारण तो खोटे बोलत नाही. मराठी वाईट आहे असे तो म्हणत नाही. मराठी ऐकणाऱ्याचा खिसा हलका आहे असे म्हणतो. म्हणजे भाषेचा प्रश्नही शेवटी खिशाच्याच खात्यात जमा. पण म्हणून ‘स्थानिक म्हणजे मराठी’ असे समीकरण मांडून मोकळे होता येत नाही. उल्हासनगरात सिंधी घरे आहेत, मुंब्र्यात आणि कल्याण पूर्वेत हिंदी-उर्दू आहे, डोंबिवलीत दाक्षिणात्य कुटुंबे तीन-तीन पिढ्या राहत आहेत. दिवसाला दहा मराठी गाणी लावणारे केंद्रसुद्धा डोंबिवलीला परकेच राहू शकते. आणि हिंदी गाणी लावून मध्येच ‘एमआयडीसीत आज पाणी नाही’ एवढे सांगणारे केंद्र तिचे होऊ शकते. स्थानिकपणा गाण्यात कमी आणि दोन गाण्यांच्या मधल्या जागेत जास्त असतो.

त्या मधल्या जागेवरच कायद्याने कुलूप आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्याच्या २०११च्या धोरणाने आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी लावायला वाट दिली, पण आपला वार्ताहर पाठवून विचारपूस करायची मुभा नाही ती नाहीच. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, सणवार, पाणी-विजेच्या सूचना यांना मात्र ‘बातमी नव्हे’ म्हणून सूट. परिणाम काय झाला? ठाणे-कल्याण पट्टा एफएमवर आला तो वाहतूककोंडी म्हणून. माजिवड्याला गर्दी आहे, कोपरी पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या आहेत, शीळफाट्याला ट्रक बंद पडला आहे. पन्नास लाखांच्या वस्तीचा सारांश: इथून लवकर निघता येत नाही. कल्याणचा पत्री पूल घ्या. ब्रिटिशांच्या काळातला तो पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, आणि नवा वाहतुकीला मिळाला जानेवारी २०२१ मध्ये. मधल्या सव्वादोन वर्षांत ‘पत्री पुलाजवळ कोंडी’ हे वाक्य कायदेशीर होते. ‘एवढा वेळ का लागतो आहे?’ हा प्रश्न एखाद्या निवेदकाने अधिकाऱ्याला माइकवर विचारला असता तर तो बातमीच्या हद्दीत गेला असता. लक्षण सांगायला परवानगी, कारण विचारायला मनाई. असा डॉक्टर आपण घरात घेऊ का?

कुलपाला गाण्याने किल्ली लावून पाहिली गेली, हेही नोंदवायला हवे. २०१७च्या पावसाळ्यात रेड एफएमच्या मलिष्का मेंडोन्सा यांनी त्या वर्षी गाजलेल्या ‘सोनू’ गाण्याच्या चालीवर मुंबई महापालिकेच्या खड्ड्यांवर विडंबन केले. बातमी नाही, मुलाखत नाही, चार कडव्यांचे गाणे. ते इतके झोंबले की थोड्याच दिवसांत पालिकेने त्यांच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस काढली. हा प्रसंग हसण्यावारी गेला, पण रेडिओला जागा ठाऊक असली की काय होते हे त्यातून दिसले. ते गाणे एका पत्त्यावर लिहिलेले होते. पुढच्याच वर्षी, २०१८च्या पावसाळ्यात, कल्याणच्या खड्ड्यांनी माणसांचे जीव घेतले. ज्या पालिकेच्या हद्दीत स्टुडिओ असतात तिच्यावर गाणे होते. ज्या पालिकेच्या हद्दीत फक्त श्रोते असतात तिला हे भाग्य कुठले!

याहून मोठा पुरावा २६ जुलै २००५चा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे; उल्हास आणि वालधुनीने बदलापूर-उल्हासनगर-कल्याणची काय दशा केली ते त्या आकड्यात मावत नाही. वीज गेली, मोबाइल ठप्प झाले, गाड्या जिथे होत्या तिथे उभ्या. त्या रात्री खासगी एफएम केंद्रांनी गाणी बाजूला ठेवली आणि लोकांचे निरोप सांगायला सुरुवात केली. अमक्याचे वडील अमक्या ऑफिसात सुखरूप आहेत, तमक्या शाळेतली मुले शाळेतच आहेत. धोरणाच्या चौकटीत हे सगळे कितपत बसत होते याची कुणी त्या रात्री पर्वा केली नाही. फॉरमॅट गळून पडला तेव्हा जे उरले ते खरे स्थानिक रेडिओ: नाव, ठिकाण, वेळ. त्यावर कुणी म्हणेल, की हेच तर तुमच्या म्हणण्याविरुद्ध जाते. मुंबईच्याच केंद्रांनी ते केले, वेगळे केंद्र हवे कशाला? मला ते उलटे दिसते. संकटाच्या रात्री जे सहज जमले ते साध्या मंगळवारी जमत नाही, याचा अर्थ अडचण प्रक्षेपकाची नाही, सवयीची आणि परवानगीची आहे. आणि अशा रात्रीसुद्धा फोन जिथून लागतो तिथलीच नावे आधी ऐकू येतात.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ठाणे-कल्याण म्हणजे मुंबईच, असे पहिले म्हणणे. सकाळी सातला निघून रात्री नऊला परतणाऱ्याला मुंबईचाच रेडिओ हवा असतो. त्याचे गाव म्हणजे झोपायची जागा. हे मांडणाऱ्यांनी डोंबिवलीला पाडव्याच्या सकाळी फडके रोडवर उभे राहून पाहावे. नववर्षाच्या शोभायात्रेची प्रथा तिथल्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केली आणि ती महाराष्ट्रभर पसरली. झोपायच्या जागा असल्या गोष्टी सुरू करत नाहीत. शिवाय दिवसभर गावातच असणारे लोक या म्हणण्यात धरलेलेच नाहीत: दुकानदार, रिक्षावाले, शाळकरी मुले, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका, निवृत्त माणसे. रेडिओ सगळ्यात जास्त वेळ चालू असतो तो यांच्याकडे. रिक्षावाल्याच्या डॅशबोर्डवरचा रेडिओ तर मीटरपेक्षा जास्त फिरतो, कारण शेअर रिक्षाला मीटर टाकावा लागत नाही.

दुसरे म्हणणे लहरींचे. ०.८चा जिना भरलेला आहे, ठाण्याला पायरी कुठून देणार? यात तथ्य आहे. मुंबईच्या मोठ्या प्रक्षेपकांच्या सावलीत दुसरे मोठे केंद्र उभे करणे कठीणच. पण हे अंतर निसर्गाने घालून दिलेले नाही. ते निम्म्यावर आणता येईल असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सुचवलेले आहे. आणि छोटे केंद्र हा पर्याय २००६च्या सामुदायिक रेडिओ धोरणापासून उपलब्ध आहे: शंभर वॅटच्या आसपासची ताकद, दहा-पंधरा किलोमीटरचा घेर. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये ‘माणदेशी तरंग’ याच वाटेने चालते. मग अडते कुठे? मला वाटते, यादीत अडते. खासगी परवान्यांच्या यादीत ‘शहर’ नावाचा रकाना असतो आणि त्यात मुंबई एकदा लिहिली की तिच्या पोटातली शहरे दिसेनाशी होतात. कोल्हापूरची लोकसंख्या २०११ मध्ये साडेपाच लाख होती. त्याला टोमॅटो एफएमसारखे स्वतःच्या बोलीतले केंद्र आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांना मंजुरी दिली. त्यात बार्शी आहे, उदगीर आहे, अचलपूर आहे. फार चांगले झाले. पण त्याच २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांची आणि ठाणे अठरा लाखांचे होते. बार्शीपेक्षा दहापट मोठी डोंबिवली-कल्याणची जोडी रेडिओच्या नकाशावर गाव म्हणूनही नाही.

आणि लोकांनी काय केले? लोकांनी आपापले रेडिओ काढले. सकाळच्या कल्याण लोकलमध्ये ठरलेल्या डब्यात टाळ-मृदंगासह जमणारी भजनी मंडळी हे मला या भागातले सर्वात टिकाऊ केंद्र वाटते. ठरलेली वेळ, ठरलेला डबा, ठरलेले निवेदक, श्रोत्यांची फर्माईशही चालते, आणि तीस वर्षांत फॉरमॅट बदललेला नाही. (बसायला जागा न मिळालेल्यांची त्यावर वेगळी मते असतात, ती गैर नाहीत.) दुसरे केंद्र फलाटावरच्या भोंग्याचे. मराठीत आपण रेल्वेच्या आणि रेडिओच्या, दोन्हीला स्टेशनच म्हणतो, हा योगायोग इथे कामाला येतो. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, ठाकुर्ली ही नावे दररोज, प्रत्येकी शेकडो वेळा, स्पष्ट उच्चारात आणि आधी मराठीत सांगणारे एकच ध्वनिक्षेपण या पट्ट्यात आहे. ते रेल्वेचे आहे. त्यावरून गाडी उशिरा असल्याचे कळते आणि कधी कधी का उशिरा आहे तेही कळते. खासगी एफएमपेक्षा एवढे स्वातंत्र्य त्याला जास्त आहे म्हणायचे.

शेवटचे म्हणणे सगळ्यात वजनदार: आता रेडिओ ऐकतो कोण? गाणी मोबाइलवर हवी तेव्हा मिळतात, सोसायटीची खबर व्हॉट्सअॅपवर येते, आणि एफएम नसलेले फोन इतके झाले की एप्रिल २०२३ मध्ये सरकारला कंपन्यांना सांगावे लागले, फोनमधला रेडिओ बंद करू नका. वायर गेली, ब्लूटूथ आले. वायरच नाही तर एरियल कुठली? हे खरे आहे, आणि ज्यांना फक्त गाणीच द्यायची होती त्यांच्यासाठी ते मरणाचे लक्षण आहे. गाण्यांच्या शर्यतीत एफएम हरणारच होते. पण व्हॉट्सअॅपवरची खबर आणि रेडिओवरची खबर यांत एक फरक आहे: रेडिओवर बोलणाऱ्याला परवाना असतो, नाव असते आणि खोटे बोलल्यास जाब देणे असते. पूर आल्याच्या अफवांनी कल्याणच्या खाडीकाठची माणसे दर पावसाळ्यात रात्र रात्र जागतात. त्यांना हवे असते ते गाणे नाही आणि फॉरवर्डही नाही. मुंबईच्या जुन्या केंद्रांचे परवाने १ एप्रिल २०१५ पासून पंधरा वर्षांसाठी तिसऱ्या टप्प्यात वळवले गेले. म्हणजे त्यांची मुदत ३१ मार्च २०३० रोजी संपते. तेव्हा कुठल्या तरी कार्यालयात नवी यादी तयार होईल, तिच्यात आकडे असतील, राखीव किंमत असेल, आणि ‘शहर’ हा रकाना पुन्हा भरावा लागेल.